वाटेवरचं पहिलं जाळं

३ सप्टेंबर

भिंगरे,

अक्षर ओळखलंस का? नऊ वर्षांत फारसं बदललेलं नाही, फक्त चष्म्यापायी थोडं मोठं झालंय. पत्ता तुझ्या बाबांकडून घेतला. त्यांनी तो तीनदा मागायला लावला, मग दिला, आणि वर म्हणाले, "भांडायला लिहिणार असशील तर शाई वाया घालवू नकोस."

भांडायला लिहीत नाही. एक काम आहे.

आमच्या लॅबमध्ये एक बाई आहेत. माझ्याच वयाच्या, साठीला टेकलेल्या. कवळ्या करण्यात हात चांगला, बाकी सगळं यथातथाच. या बाईंना हल्ली पहाटे उठून डोंगरावर जायचं खूळ लागलंय. एकट्या जातात. घरी सांगत नाहीत. नवऱ्याला वाटतं, लॅबमध्ये लवकरचं काम असतं. चढताना त्यांना काही होत नाही, पण उतरताना गुडघे असे दुखतात की दिवसभर जिन्याच्या कठड्याला लोंबकळत खाली यावं लागतं. शिवाय पायाची बोटं बुटात पुढे जाऊन आपटतात. तू तिकडे डोंगरातल्या निवाऱ्यावर राहून लोकांना डोंगर चढवतेस-उतरवतेस, तेव्हा तुला यातलं कळत असणार. त्यांनी काय करावं?

एवढंच काम होतं. त्या बाई म्हणतात, पहाटे त्या वाटेनं जाणारं पहिलं माणूस आपण असलो की कोळ्यांची जाळी तोंडावर येतात. रात्रभर दोन झुडपांच्या मधे विणलेली असतात. पहिल्या दिवशी त्या किंचाळल्या. आता म्हणे जाळं तोंडावर आलं की बरं वाटतं, कारण त्याचा अर्थ आज अजून इथून कोणी गेलेलं नाही, अख्खा डोंगर आपला. पापण्यांना चिकटतं ते, आणि कितीही पुसलं तरी कानामागे थोडं राहतंच. दुपारी मेण वितळवताना सहज हात कानाकडे गेला की सापडतं.

असं त्या म्हणतात.

उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. गुडघे मात्र खरंच दुखतात त्यांचे.

खाली काय लिहावं यात बराच वेळ गेला.

तुझी आई

२२ सप्टेंबर

भिंगरे,

कार्ड आलं. "उतरताना नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधायच्या, चढताना सैल. पावलं छोटी टाकायची." बास. वर 'आई' नाही, खाली नाव नाही. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. तरी मी ते मेणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. दिवसातून वीस वेळा तो डबा उघडावा लागतो.

नाड्या घट्ट बांधल्या. गुडघ्यांचं दुखणं निम्म्यावर आलं. तेव्हा आता सोंग पुरे, त्या बाई म्हणजे मीच. तुला पहिल्या चार ओळींतच कळलं असणार. तरी तू 'बाईंना सांग' असंही लिहिलं नाहीस आणि 'तू' असंही नाही. यातून मी काय समजायचं, ते मला कळलेलं नाही.

झालं असं, की जुलैत लॅबला रंग द्यायचा निघाला. मागची खोली उपसताना टाकून देण्याजोगी एक वस्तू हाती लागली. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती पिशवीत घालून पहाटेच डोंगराच्या पायथ्याशी गेले. काय वस्तू ते जाऊ दे. तिथे एक सपाट दगड आहे, त्यावर बसले. टाकायला हात होईना. मग म्हटलं, आलोच आहोत तर त्या वळणापर्यंत जाऊ. वळण आलं, तर पुढे आणखी एक दिसलं. वर लोखंडी खांब आहे तिथे पोचले तेव्हा उजाडलं होतं, आणि मी घामानं निथळत, तोंडाला जाळी लावून, वेड्यासारखी हसत उभी होते.

तेव्हापासून जाते. रविवारसुद्धा सोडत नाही.

तुला सांगायला संकोच वाटतो, कारण तुला हे सगळं माझ्याआधी ठाऊक होतं. तरी सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू? साडेचारला निघते. बॅटरी लावत नाही, पाय वाट शिकलेत. पहिली पंधरा मिनिटं अंग कुरकुर करतं. मग कधीतरी श्वास आणि पाय यांचं आपापसात जमतं आणि मला मधे घेत नाहीत. झऱ्यापाशी दगडांना एक गार वास येतो, पावसाळी नाही आणि मातीचाही नाही. तिथे ओंजळभर पाणी पिते, दात शिवशिवतात (स्वतःचे आहेत अजून, सगळे). तिथून पुढे मी गाते. मोठ्यानं. माझा गळा तुला माहीतच आहे. पक्षी गप्प होतात. खांबापाशी बसून एक उकडलेलं अंडं खाते आणि खाली गावातले दिवे एकेक करून विझताना बघते. तासभर कोणी "अगं, ऐकलंस का" म्हणत नाही. मला कोणाचा साचा घ्यायचा नसतो, कोणाची कवळी घासायची नसते. मी कोणाची कोण हेच काही वेळ आठवत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

मग उतरताना एकच विचार येतो. हे असं असतं, तर मी तुला का अडवलं? तो खालच्या दगडापर्यंत सोबत येतो. आठ वाजता लॅब उघडायची असते.

तुझी आई

९ ऑक्टोबर

भिंगरे,

या खेपेला तुझं एकच वाक्य. "एकटी जातेस तर कोणत्या वाटेनं आणि किती वाजता ते घरी सांगून जा, बाबांना."

'जातेस' लिहिलंस. मी ते कार्ड उजेडात धरून बघितलं, खोडून तर लिहिलेलं नाही ना म्हणून.

सांगितलं बाबांना. ते पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून पेपर तासभर चालतो आणि दाढी दिवसाआड.

"अहो, मी पहाटे लॅबमध्ये जात नाही."

पेपर जरासा खाली आला. "मग कुठे जातेस?"

"डोंगरावर."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

"कशाला?"

"माहीत नाही."

त्यावर ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "तू? अगं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला मला पाठवतेस तू!" मीही हसले. मग हसता हसता ते थांबले, चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, "मग त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू तिकडच्या गावात उतरून त्यांना फोन करतेस, तेव्हाही मी नळ सोडते. त्यांना वाटतं, मला ऐकायचं नसतं. खरं म्हणजे नळ बारीक सोडला की सगळं ऐकू येतं.

त्यांनी आता माझ्याकडून वाटेचा नकाशा काढून घेतलाय आणि कपाटाच्या दाराला चिकटवलाय. दगड, पहिलं वळण, झरा, खांब. मी परत येते तेव्हा ते घड्याळाकडे बघतात. हे त्यांनी तुझ्या वेळी का केलं नाही, असंही मनात येतं. मग वाटतं, मी करू दिलं असतं का?

तुझी आई

२१ ऑक्टोबर

भिंगरे,

फजिती ऐक.

काल खांबापासून खाली येताना उजवा पाय एकदम हलका लागायला लागला. बघते तर बुटाचा सोल मागे वाटेवर पडलेला, आणि मी पुढे. उचलला तर हातात भुगा. आमच्याकडे लॅबमध्ये ओल लागलेलं प्लास्टर असतं ना, वरून धड आणि दाबलं की पीठ, अगदी तसा. दहा पावलांवर डाव्यानंही तेच केलं. डोक्याचा रुमाल फाडून दोन्ही बूट बांधले आणि बदकासारखी उतरले. वाटेत कोणी भेटलं नाही हे नशीब. एकटं जाण्याचा हा एक फायदा कोणी सांगत नाही.

आता यापुढचं वाच आणि हस. नऊ ते अकरा माझ्याकडे काम नव्हतं. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षं माणसांच्या तोंडात दात पक्के बसवतेय, एक सोल बसवता येणार नाही? भुगा खरवडला, तळ स्वच्छ केला आणि कवळीचं मटेरियल कालवून ओतलं. दाबपट्टीत आवळून ठेवलं. झकास बसलं. फक्त ते मटेरियल हिरडीच्या रंगाचं असतं हे लक्षातच आलं नाही. बूट आता खालून गुलाबी आहेत. उलटे धरले तर हसल्यासारखे दिसतात.

आज घालून गेले. झऱ्यापर्यंत दम धरला, मग ताडकन दोन तुकडे. कवळी चावायला असते, वाकायला नसते, हे मला कळायला हवं होतं. लॅबमधला माझा जोडीदार कारागीर दिवसभर मला विचारतोय, "मॅडम, पायाला दात आलेत का?"

तेव्हा विचारते, सोल चिकटवायला नक्की काय वापरतात? नवे बूट घे म्हणू नकोस. हेच हवेत.

तुझी आई

४ नोव्हेंबर

भिंगरे,

कार्ड आलं. या वेळी पुष्कळ लिहिलंस.

"वापरलेल्या बुटांचा असा भुगा होत नाही. ते झिजतात. नुसते ठेवून दिलेल्या बुटांचा मधला थर वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतो आणि एक दिवस घातले की सुटतो. किती वर्षं ठेवलेले होते? कोणाचे आहेत?"

हे वाचलं तेव्हा हातात एका आजोबांचा खालचा जबडा होता. तो सुटला. परत करून द्यावा लागला.

तुझे आहेत.

भंगारवाल्याला दिले नव्हते. तुला आठवत असेल, तू कपाट उपसत होतीस आणि मी भाजी चिरत होते. दुसऱ्या दिवशी तुला गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाला निघायचं होतं, आणि बूट असल्याशिवाय तिथे घेत नव्हते. वर्षभर शिकवण्या करून तू ते घेतले होतेस आणि मऊ व्हावेत म्हणून दोन महिने घरातल्या घरात घालून फिरत होतीस. मी मान वर न करता म्हणाले, "ते होय? दिले भंगारवाल्याला. मला वाटलं, जुने आहेत." तू म्हणालीस, "आई, खरं सांग." मी म्हटलं, "खरंच सांगतेय." तेव्हा ते लॅबच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांमागे होते. खोक्यावर मी माझ्या हातानं 'जुने साचे' असं लिहिलं होतं. तो खोका कोणी उघडत नाही. गेलेल्या माणसांच्या जबड्यांत कोणाला रस असणार?

तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. म्हणजे कालपर्यंत नव्हतं, काल रात्री जेवताना सांगितलं. ते उठून गेले. ताट तसंच राहिलं.

माझा बेत असा होता की तुझी तारीख टळली की आठ दिवसांनी "अगं, हे बघ, सापडले" म्हणून बूट द्यायचे. पण तू माझ्याशी बोलेनाशी झालीस, आणि तिसऱ्या आठवड्यात फाटके कॅनव्हासचे बूट घालून घर सोडून गेलीस. मग द्यायचे कोणाला?

का केलं, हे विचारशील. मी रोज विचारते. तू पडशील अशी भीती होती, ते खोटं नाही. पण नुसती भीती असती तर मी रडले असते, तुझ्यापुढे दातांच्या कण्या केल्या असत्या. मी शांतपणे भाजी चिरत होते गं. भ्यालेलं माणूस इतकं शांत नसतं. मग काय होतं? परवा खांबापाशी बसल्यावर वाटलं, तुला जे मिळणार होतं ते मला कधी कोणी दाखवलंसुद्धा नव्हतं, त्याचा तो राग असेल. पोटच्या पोरीचा हेवा. लिहितानाही लाज वाटते. आणि उतरताना वाटलं, नाही, हे आपण आत्ता जुळवतोय, तेव्हा असलं काही मनात नव्हतं. म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावणारीही मीच, तर बोंब कोणाच्या नावानं मारू?

'माझी माफी माग' असं तू कधी म्हणाली नाहीस. मी मागते. नक्की कशाची, ते अजून धड कळलेलं नाही. कळलं की पुन्हा मागेन.

डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला जराशी घासलेली होती. चालायला लागल्यापासून तू डावं पाऊल बाहेर टाकतेस. ते बूट मला एक नंबर मोठे होतात, दोन मोजे घालावे लागतात, आणि तरी डावं पाऊल चढावर आपोआप बाहेर पडायला लागलंय. आधी मला वाटलं, सांधा धरला.

तुझी आई

१७ नोव्हेंबर

भिंगरे,

कार्ड नाही. पहिला रविवार गेला, फोनही नाही. आला असला तर मधल्याच एखाद्या वारी, मी लॅबमध्ये असताना आला असेल. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मला काय विचारतेस?" चार दिवस बोलत नव्हते, आता बोलतात, पण वाटीत मीठ आहे का एवढंच.

मी जातेच आहे. साध्या कॅनव्हासच्या बुटांनी जाते, पाय भिजतात. तुझे बूट पिशवीत घालून रोज वर नेते आणि रोज खाली आणते. का ते विचारू नकोस. घरी ठेवले की लपवल्यासारखं वाटतं.

आनंद तसाच होतो, हेच मला कळत नाही. इतकं सगळं झाल्यावर व्हायला नको. पहिलं जाळं तोंडावर येतं आणि मी लहान मुलासारखी खूश होते, मग स्वतःचाच राग येतो. गाणं तेवढं बंद केलंय. पक्ष्यांची सोय झाली.

हे पत्र मिळाल्यावर काही लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. नको असेल तर तसं एका शब्दात कळव. तो शब्द मी झाकणाला लावीन.

तुझी आई

२६ नोव्हेंबर, सकाळचे साडेसहा, पायथ्याच्या दगडावर

भिंगरे,

लॅबच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहितेय, पुढच्या बाजूला एका मास्तरांच्या दाढेचं माप आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

काल संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या अर्धा तास उशिरा निघालीस तर काही बिघडेल का?" मी म्हटलं, का? तर म्हणे, "थंडी आहे." थंडी गेले पंधरा दिवस आहे. पहाटे उठले तर ते माझ्याआधी उठलेले, आणि सलग दुसऱ्या दिवशी दाढी केलेली. गालाला साबण तसाच. विचारलं तर म्हणाले, "माणसानं दाढी करू नये की काय?" काय चाललंय मला कळेना. पिशवी उचलली आणि निघाले, पाच वाजता.

पहिल्या वळणापर्यंत तोंडावर काहीच आलं नाही. वाटलं, वारा असेल. मग दोन झुडपांच्या मधे बघितलं. जाळं होतं, पण फाटून एका बाजूला लोंबत होतं. पुढचंही तसंच, आणि त्याच्या पुढचंही. माझ्या तोंडापेक्षा वीतभर वर फाटलेली, म्हणजे कोणीतरी माझ्याहून उंच. मला आधी रागच आला, खरं सांगते. माझा डोंगर आहे हा.

झऱ्यापाशी चिखल आहे. मी खाली बसले आणि बॅटरी लावली, चार महिन्यांत पहिल्यांदा. दोन ठसे होते. नव्या सोलचे, कडा अगदी तीक्ष्ण. चाळीस वर्षं मी ठसेच वाचतेय. डावं पाऊल बाहेर पडलेलं होतं.

हाक तोंडापर्यंत आली होती. वर दगड घसरल्याचा आवाजही आला. दहा मिनिटं चढले असते तर तुला गाठलं असतं. उठले, चार पावलं टाकली आणि थांबले. माझ्या मनात आलं, तू आत्ता खांबापाशी पोचत असशील. उजाडायला आलंय. खालचे दिवे विझायला लागले असतील. तुला तो तास एकटीला हवा असेल, आणि मी पुन्हा मधे येईन. की तू मी यावं म्हणून वर थांबली असशील? यातलं काय खरं, मला कळत नाही. तुझ्या बाबतीत मला कधीच काही कळलेलं नाही. पण एकदा मी तुझी सकाळ घेतली होती. आज घेणार नाही, एवढं ठरलं आणि मी खाली आले.

बूट दगडावर ठेवलेत, गुलाबी बाजू खाली. ही चिठ्ठी डाव्या बुटात आहे. हे दुसऱ्याच कोणाचे ठसे निघाले, तर जो कोणी हे वाचत असेल त्यानं माझ्या मुलीचं पत्र परत डाव्या बुटात ठेवावं, उपकार होतील.

हे ठेवून मी खालच्या पुलापलीकडच्या बाकावर जाऊन बसतेय. तिथून दगड दिसत नाही, तेव्हा तुला माझ्याशी न बोलता निघून जायचं असेल तर डावीकडची वाट आहे, सरळ स्टँडला जाते. बोलायचं असेल तर पूल ओलांड. आज मी लॅब उघडत नाही, दिवसभर तिथेच आहे.

घाई करू नकोस. अंडं सोलून खा, घरून आणलेलं उजव्या बुटात आहे. सगळं बघून झालं की मग उतर, हे वाचशील तेव्हा उतरलेली असशील, तरी सांगते. आणि नाड्या घोट्यापाशी घट्ट बांध, मला एकीनं सांगितलंय.

तुझी आई